गजेंद्रचं काय राहिलं

तापीच्या घाटावर ऊन चढलं तरी गजेंद्रच्या पिंडाला कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही; पलीकडच्या लोकांच्या पानावर त्यांची भांडणं चालली होती. इकडे भात, भजी, शेव, सगळं त्याच्या आवडीचं मांडलेलं, पण कुणी फिरकत नव्हतं.

त्याची बायको सुषमा पायरीवर बसून होती. आज दहावा. माणूस झोपेतच गेला, तेव्हापासून तिचं आतलं सगळं दाताला सुई दिल्यावर जबडा होतो तसं बधिर झालं होतं. भेटायला आलेले लोक रडायचे आणि ही त्यांना पाणी आणून द्यायची.

"तुनं काय राहिनं रे भाऊ?" सासू धुरपदाबाई लेकाच्या पानाकडे बघून म्हणाली.

धाकट्या दिराने, भूपेंद्रने, हात जोडले. "दादा, वहिनींना अंतर देणार नाही. कोसाडचं घर त्यांचंच." कावळा नाही. "पोराला, तुषारला, इंजिनीअर करू." तरी नाही.

"तो टीव्हीचा गेम," धुरपदाबाईला आठवलं. "त्यातच जीव अडकला त्याचा."

पलसाण्याच्या कापडाच्या डाइंग मिलमधून आला की गजेंद्र चहाच्या आधी कॅसेट फुंकून खोचायचा. रणगाड्यांचा गेम, दोघांनी मिळून खेळायचा. दुसरा रिमोट तुषारपुढे धरायचा आणि म्हणायचा, हे तुमच्या पिढीला माहीत नाही तर मग माहीत आहे काय? जसा काही घराण्याचा इतिहास. तुषार मोबाईलमधून मान वर न काढता इथल्या गुजरातीत विचारायचा, "पप्पा, एमां छे शुं?" त्यात आहे काय एवढं?

"म्हण बेटा," भूपेंद्र म्हणाला, "पप्पा, तुमचा गेम मी खेळीन, पुढे माझ्या पोरांना शिकवीन."

डोकं भादरलेला तुषार ओल्या धोतरात उभा होता. "नाही म्हणणार, काका."

"अरे, बोलायचंच तर आहे."

"खोटं आहे ना पण. मला नाही आवडत, पप्पांना माहितीये. ते ऐकत असतील तर त्यांना कळेलच. ऐकत नसतील तर मग कुणाला सांगू?"

"बापासाठी एवढंही होत नाही तुझ्याच्याने?"

धुरपदाबाईने पदर तोंडाला लावला. सगळे सुषमाकडे बघू लागले. आईने सांगितलं तर पोरगं ऐकेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

ती उठली. पोराच्या उघड्या डोक्यावर तिने टॉवेल टाकला आणि पानाकडे वळली.

"ऐका. तो नाही खेळणार. मीपण नाही, त्या आवाजाने माझं डोकं उठतं. तुम्ही खेळलात, मजा आली तुम्हाला. त्याला तो गेम यायलाच पाहिजे असं काही नाही. त्याच्यावर रुसू नका. जा आता."

ती परत पायरीवर येऊन बसली.

जरा वेळाने कावळा आला. भूपेंद्रच्या मते घराच्या शब्दामुळे, सासूच्या मते भज्यांमुळे. पलीकडचं पान तोवर रिकामं झालं होतं, हेही खरं.

"मम्मी, रागावले नसतील ना?" तुषारने हळूच विचारलं.

"छे रे. हरले तरी कुठे रागवायचे."

पायऱ्या चढताना तिला भूक लागल्याचं कळलं. बऱ्याच दिवसांनी.