मशेरीचा तवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे, पण माझ्यावर कधी भाकरी भाजली गेली नाही. मला घेतलं ते मशेरीसाठी. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि तिची पूड करायची, ती मशेरी. आमच्याकडे बायका ती बोटाने दातांना लावतात आणि तशाच कामाला लागतात.

१९९८ साली तुळजाबाईंनी मला पौडच्या बाजारातून माले गावी आणलं. तंबाखूच्या वासामुळे मला स्वयंपाकघरात जागा मिळाली नाही. गोठ्यामागे तीन दगडांची चूल होती, तिथेच माझा मुक्काम. तरी तेव्हा एकटं वाटत नसे. मी तापलो की शेजारच्या रंभाबाई येत, वरच्या आळीच्या बायका येत. "चिमूटभर दे गं," म्हणून बसत आणि लेकीबाळींच्या गोष्टी काढत. मला ते फार आवडे.

मग वाल्मीकशेठ आले. पौडला त्यांचं दुकान होतं.

"तुळजाकाकू, तुमच्या हाताला चव हाय. जेवढी भाजाल तेवढी मी घेतो."

त्यांनी रंगीत पुड्या काढल्या. पुडीवर नथ घातलेली नवरी छापली. कासार आंबोलीच्या बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या पोरी जीपची वाट बघत उभ्या राहत, तिथे त्यांनी पुड्या वाटायला माणूस ठेवला.

"फुकट वाटताय? मग तुमाला काय सुटंल?" तुळजाबाईंनी विचारलं.

"एकदा लागली की जल्मभर सुटत न्हाई, काकू. आज फुकट घेनारी उद्या पैसं घेऊन दुकानात येती."

तुळजाबाई हसल्या आणि माझ्यावर आणखी तंबाखू पसरली.

पुढची वर्षं मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तापत होतो. माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. पण आता पुडी प्रत्येक दुकानात मिळू लागली, आणि माझ्याजवळ येऊन बसायचं कुणाला कारण उरलं नाही. रंभाबाईसुद्धा येईनाशा झाल्या. धुरात पदर नाकाला लावून तुळजाबाई एकट्या खोकत बसत, आणि मी त्यांच्यापुढे.

त्यांची सून गौतमी बंगल्यांवरच कामाला जाई. तिला दिवस गेले. तपासणीत डॉक्टरबाईंनी सांगितलं की पोटातलं बाळ वाढत नाही, मशेरी बंद करा. त्या दिवशी तुळजाबाई गोठ्यामागे तिच्यावर चिडल्या.

"कुनी लावली तुला ही सवय?"

गौतमीने कमरेची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"जीपच्या थांब्यावर फुकट वाटत हुते, आत्याबाई. तुमच्याच हातची हाय. आता सोडाया बघते तर डोकं फुटाया लागतंय."

तुळजाबाईंनी मला चुलीवरून उतरवलं, भाजलेली मशेरी उकिरड्यात ओतली.

वाल्मीकशेठ समजवायला आले. "तुमी न्हाई भाजली तर दुसरं कुनी भाजंल. पोरी थोड्याच थांबनार हायेत?"

"भाजू द्या. माज्या चुलीवर न्हाई."

शेठ खोटं बोलले नव्हते. थोड्याच दिवसांत खालच्या आळीतून तोच वास येऊ लागला. गौतमीला मुलगी झाली, अगदी मूठभर. जगली, पण अजून अंगाने किरकोळच आहे.

सासूने सुनेबरोबर मशेरी सोडायची ठरवली. दोघी चिडत, एकमेकींशी भांडत, मग एकमेकींना चहा करून देत. हे मी लांबून ऐकलं. मी गोठ्यामागे भिंतीला टेकून पडलेलो.

आता २०१० साल आहे. परवा सकाळी तुळजाबाई कितीतरी दिवसांनी माझ्याजवळ आल्या. माझ्यावरच्या काजळीवरून त्यांनी बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. बराच वेळ तशाच बसल्या. मी त्यांच्यासाठी किती व्याकूळ झालो होतो, आणि तरी मला वाटत होतं, बाई, उठा. मग त्यांनी ते बोट दगडावर खसाखसा पुसलं आणि त्या घरात गेल्या.

मित्रांनो, जुनी वस्तू दिसली की तुम्ही ती घासूनपुसून पुन्हा वापरायला काढता. माझ्यावर ती माया करू नका. मला इथेच गंजू द्या, एकटेपण मी सोसेन. एवढंच करा. कुणी तुमच्या हातावर पहिली पुडी फुकट ठेवली, तर मूठ मिटण्याआधी त्याला विचारा, दुसरी केवढ्याला?