अजून रानाबाहेर नाही

मी एक जुना काळा फळा आहे. कॅनडातल्या फ्रेझर नदीकाठच्या लाकूडगिरण्यांच्या गावात, चर्चच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

मित्रांनो, रविवारी मला वर नेत आणि माझ्यावर भजनांचे आकडे लिहीत. सगळे एका सुरात गाऊ लागले की माझी चौकट थरथरे. बुधवारी संध्याकाळी खाली थोराबाई पोर्तुगालहून आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवत. इथली माणसं सरळ बोलत नाहीत. कुणी मेलं तर त्याने बादलीला लाथ मारली म्हणतात, यश चिंतायचं तर पाय मोडो म्हणतात. बायका हसून लोटपोट होत.

अशाच एका बुधवारी देओलिंदा आली. तिचा नवरा अमान्सियु रानातल्या कॅम्पवर झाडं तोडायला जाई.

"बाई, आज घाई नाही. हे उशिरा येणार. फोन आला होता."

"कुणाचा?"

"कोण पोरगी होती. भराभर बोलली. एवढंच कळलं, की तुमचे मालक अजून रानाबाहेर आलेले नाहीत. मी थँक यू म्हटलं आणि कोबीचं सूप झाकून आले."

"कॅम्पवर पोरगी?" शेजारची झुल्मिरा म्हणाली. "दाजींवर लक्ष ठेव गं."

सगळ्या हसल्या. देओलिंदाही हसली. थोराबाईंचा खडू मात्र माझ्या अंगावरच मोडला. इंग्रजीत रानाबाहेर नाही म्हणजे जिवावरचा धोका टळलेला नाही. फोन हॉस्पिटलातून होता, तिथे असंच बोलतात. तो वाक्प्रचार बाई पुढच्या बुधवारी शिकवणार होत्या.

बाई तिला मोटारीत घालून धावल्या. तोवर अमान्सियुच्या तोंडावर चादर ओढली होती. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, असं झुल्मिराने नंतर इथेच रडत सांगितलं.

पुढे एकदा देओलिंदा खाली आली. बाईंनी तेच वाक्य माझ्यावर लिहिलं होतं, खाली अर्थ. ती बराच वेळ वाचत राहिली.

"बाई, मरतोय म्हणाली असती तर कळलं असतं. तो शब्द मला येत होता."

देओलिंदाने तळहाताने वाक्य पुसलं आणि गेली. ती परत आली नाही. हळूहळू वर्गही बंद पडला.

भजनांचे आकडे माझ्या अंगावरून केव्हाच गेले. ते वाक्य मात्र अजून पुसट दिसतं. मित्रांनो, निरोप जिवाचा असेल तर समोरच्याला येतो त्याच शब्दात सांगा. नटवलेली भाषा देवापुढे गाण्यासाठी ठेवा. त्याला सगळ्यांचं कळतं.