जाड काडी

नेमबाजीच्या क्लबमागे पिस्तुलं दुरुस्त करायची माझी खोली आहे. टेबल, भिंग, ग्राइंडर आणि भिंतीला टेकवलेली एक खुर्ची. आधी ती खोली बाबांची होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांना तिथून काढलं, आणि ज्याच्यामुळे काढलं त्याच्यावर मी तेव्हापासून डूख धरून होते. घरात आम्ही त्याला पदकवीर म्हणतो. त्यातलं कौतुक किती खरं, हे सांगायला नको.

झालं होतं असं. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक लोखंडी खुंट असतो, पुढची साइट. त्यात फायबरची रंगीत काडी बसवता येते. ती आजूबाजूचा उजेड ओढून घेते आणि तिचं टोक ठिपक्यासारखं चमकतं, मग नेम पटकन लागतो. पण काडी नाजूक असते. बाबांनी पदकवीराला बजावलं होतं, साफसफाईच्या औषधात हिला बुडवू नका, ठिसूळ होईल. त्याने बुडवली. अंतिम फेरीत ती तुटून पडली, आणि पठ्ठ्याने समितीपुढे सगळं खापर बाबांवर फोडलं. म्हणे म्हाताऱ्याचे हात थरथरतात. तेव्हा थरथरत नव्हते. घरी बसल्यावर थरथरायला लागले.

बाबांची एक पद्धत होती. काम परत देताना सूचना दोनदा सांगायची आणि तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाकडून वदवून घ्यायची. भलेभले वैतागायचे, पण वदल्याशिवाय पिस्तूल हातात मिळायचं नाही.

गेल्या महिन्यात पदकवीर माझ्या दारात उभा राहिला. मी कोणाची मुलगी, हे त्याला ठाऊक नव्हतं. असल्या माणसांना ते ठाऊक असायची गरजच पडत नाही.

"बाई, चाळिशी लागली. काळी साइट धुरकट दिसते. फायबर बसवा."

"बसवते."

"पण नीट हं. तुमच्याआधी इथे एक म्हातारा होता. त्याने माझं पदक घालवलं."

माझ्या डोक्यात सणक गेली. हातातली पक्कड मी सावकाश खाली ठेवली.

खरं सांगते, वाईट विचार आला. काडीची दोन्ही टोकं ज्योत दाखवून किंचित वितळवतात, म्हणजे ती फुगून जागेवर अडकते. एक टोक तसंच सोडलं असतं तर दहाव्या गोळीला काडी बाहेर आली असती. पण मग तो बाबांबद्दल जे बोलला तेच खरं ठरलं असतं. तेवढं सुख मी त्याला देणार नव्हते.

मी त्याच्यापुढे दोन काड्या ठेवल्या, एक बारीक, एक जाड.

"जाडच लावा," तो म्हणाला. "चमकली पाहिजे."

मी ग्राइंडर सुरू केला, खुंटाची कड घासायला घेतली आणि मान वर न करता म्हणाले, "जाड काडी सावलीत छान. कडक उन्हात ठिपका फुगतो, लोखंडाची वरची कड दिसत नाही. मग माणूस कडेऐवजी ठिपक्याने नेम धरतो आणि गोळ्या वर जातात."

"हो हो," तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

त्याची यंदाची अंतिम फेरी उघड्या मैदानावर, भर दुपारी होती. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी ग्राइंडर बंद केला आणि दोन्ही टोकं अशी सुरेख वितळवली की बाबांनीही बोट ठेवलं नसतं. छपराखालच्या मैदानावर त्याने दहा गोळ्या झाडून पाहिल्या. सगळ्या मधोमध. खूश होऊन गेला.

फेरीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. त्याची पहिली गोळी वर गेली. दुसरी वर. पाचवीनंतर त्याचे कान लाल झाले. आठांपैकी तो आठवा आला आणि पिस्तूल घेऊन थेट पंचांकडे गेला. "साइट चुकीची बसवलीय," तो म्हणाला. मला बोलावलं. पंचांनी भिंगाखाली पाहिलं.

"काडी जागच्या जागी आहे. बसवण्यात काही दोष नाही."

"उन्हाचं मी यांना सांगितलं होतं," मी म्हणाले. "हे हो म्हणाले."

"कधी?" त्याने विचारलं.

"ग्राइंडर चालू होता तेव्हा. तुम्ही मोबाइल बघत होता."

मागे दोघं-तिघं हसले. त्याचं तोंड इतकंसं झालं. आणि मग, सगळ्यांसमोर, मी त्याला सांगितलं की तो म्हातारा माझा बाप.

मी घरी जवळजवळ पळतच आले. बाबा खिडकीशी चष्म्याचा बारका स्क्रू पिळायची खटपट करत होते. मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"काडी घट्ट होती?"

"पंचांनी भिंगाखाली पाहिली."

"उन्हाचं सांगितलंस?"

"सांगितलं की."

"किती वेळा?"

मी खांद्यावरची पिशवी उतरवून ठेवली. त्यांनी वाट पाहिली.

"एकदा," मी म्हणाले.

"वदवून घेतलंस?"

"नाही."

त्यांनी चष्मा आणि स्क्रू माझ्या हातात दिला. "नऊ वर्षं लोक काय वाटेल ते बोलले," ते म्हणाले. "मला एवढंच पुरत होतं, की माझ्याकडून सांगायचं राहिलं नव्हतं."

मी स्क्रू घट्ट केला आणि चष्मा त्यांना परत दिला. पदकवीराचं ते उतरलेलं तोंड आठवलं की मला अजूनही बरं वाटतं. फक्त बाबांसमोर तो विषय मी काढत नाही.