शिकाऊंच्या वाट्याची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. साहेबांच्या केबिनमधली गुबगुबीत नव्हे; तिला बोलायला फुरसत कुठली, तिच्यावर दिवसभर साहेब असतात. मी बाहेरची, तक्रारीच्या टेबलापाशी असलेली. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. कुणी अडकलं, कुठं दार लागेना, की फोन इथं येतो, आणि फोन घ्यायला शिकाऊ पोरापोरींना बसवतात. ती सगळी माझ्या वाट्याला.

कारखान्यातून निघाले तेव्हा मीही ठाकठीक होते. निळं कापड, गरगर फिरणारी चाकं, वर-खाली करायला दांडा. आधी हिशेबनिसाकडे गेले. तो बाबा विचार करायला लागला की मागे रेलून झोके घ्यायचा, आणि त्याला विचार फार. दांडा सैल पडला, गादी बसली, एक चाक रुसलं ते रुसलंच. मग त्यानं नवी मागवली आणि मला शिकाऊंकडे लोटलं. माणसांची तऱ्हाच अशी. नवख्याला मोडकं सामान द्यायचं, आणि वर म्हणायचं, याला काम जमत नाही!

माझ्यावर बसलेला माणूस हळूहळू खाली जातो. फोन उचलताना टेबलाच्या वर असतो, ठेवताना हनुवटी टेबलाला लागते.

मग ही शिकाऊ पोर आली. अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. आई घरात पाळणाघर चालवणारी, त्यामुळे रडकी पोरं हसवतच ही मोठी झालेली. बाप बस चालवायचा, पण त्याची पाठ धरलेली. फार दिवस ते जमणार नव्हतं. शिकाऊपण संपून ही इथं टिकली, तरच घराला आधार. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईशी फोनवर बोलताना मी ऐकलं.

मेकॅनिक काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "काय गं बारके, पंखा लावला तर उडशील. खुर्चीला धरून बस."

"काका, हिला मीच धरलंय. नाहीतर ही पडेल."

तिथंच ती मला आवडली.

साहेबांनी सांगितलं, "इथं तुला सॉफ्ट स्किल्स शिकायची आहेत. आणि दर शुक्रवारी स्वतःची प्रगती लिहून द्यायची." मला अक्षरओळख नाही, पण सॉफ्ट म्हणजे मऊ एवढं कानावर होतं. म्हटलं, चला, देवानं ऐकलं, नवी गादी येणार! कसली गादी नि कसलं काय. एक कार्ड आलं आणि टेबलावर चिकटलं. फोनवर बोलायची वाक्यं म्हणे.

पहिल्याच आठवड्यात एका बाईंचा फोन, लिफ्टमध्ये अडकलेल्या. पोरीनं कार्ड वाचलं, "कृपया लाइनवर राहा, कुठेही जाऊ नका."

"कुठं जाऊ गं बाई? जाता येत नाही म्हणून तर फोन केलाय!"

पोर गडबडली, पुढची ओळ वाचून मोकळी झाली. "आणखी काही सेवा करू शकते का?"

"आधी बाहेर तर काढ!"

काका हसून हसून भिंतीला टेकले. पोरीचे कान लाल झाले. पण त्या दिवसापासून ती कार्डाकडे बघेना. आधी ऐकायची, मग विचारायची, आत उजेड आहे का, सोबत कोण आहे, पाणी आहे का. शुक्रवारी तिनं हेच लिहिलं. लिहिताना पुटपुटायची सवय होती, म्हणून मला कळायचं.

साहेब म्हणाले, "हे काय? निबंध आहे का? 'संवादकौशल्यात लक्षणीय वाढ' असं लिही."

"पण साहेब, वाढ कशी झाली ते लिहिलंय."

"ते कोण वाचतंय?"

आणि खाली स्वतःचा शेरा, मोठ्यानं वाचून: "ताठ बसत नाही. आत्मविश्वास कमी." अहो, दांडा माझा सैल! पोर बिचारी आडवं उत्तर न देता "हो साहेब" म्हणाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एक दिवस दातांचे एक डॉक्टर अडकले. आवाज असा दांडगा, की फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू जावा. "एकेकाला बघून घेईन! बंद करून टाकीन तुमची कंपनी!" पण ओरडण्याच्या खाली आवाज थरथरत होता. ते पोरीला बरोबर कळलं. पाळणाघरातली पोरं अशीच ओरडतात.

"डॉक्टर, खुर्चीत बसलेल्या पेशंटला तुम्ही काय सांगता हो?"

"तोंड उघडा म्हणतो! दुसरं काय?"

"मग झालं की. तुमचं तर मघापासून उघडंच आहे."

मी म्हटलं, संपलं, आता ही पण गेली नि मी पण गेले. आणि मग फोनमधून खो खो हसणं आलं.

"वात्रट आहेस गं पोरी!"

"आई तेच म्हणते. आता मिटा, आणि नाकानं श्वास घ्या. काका निघालेत."

"मला बंद जागेची भीती वाटते. कुणाला सांगू नकोस."

"मी नाही सांगत. पण हे रेकॉर्ड होतंय हं."

"हात तुझी!" पुन्हा हसले. दार उघडेपर्यंत ती त्यांना पाळणाघरातल्या गमती सांगत राहिली. बोलता बोलता हनुवटी टेबलाला टेकली, तिला पत्ताच नाही.

साहेबांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि तिला उभं केलं.

"ग्राहकाला तोंड मिटा म्हणालीस?"

"साहेब, ते घाबरले होते. हसले नि शांत झाले."

"हसले, हे मी कुठल्या रकान्यात भरू? कार्डावरचं एक तरी वाक्य बोललीस? हे बघ, शेवटचा अहवाल द्यायचाय. त्यात स्वतः लिही, माझ्याकडून शिस्तीचा भंग झाला आणि त्यातून मी शिकले. मग ठेवून घेतो. नाहीतर तुझ्या जागी यायला दुसरी तयार आहे."

जेवणाच्या सुट्टीत तिनं काकांना विचारलं, "लिहू का हो?"

काका बराच वेळ डबा पुसत राहिले. "बारके, माझा पगार चालू आहे, म्हणून मला बाणेदारपणा सुचेल. तुला 'लिहू नको' म्हणायला मी कोण?"

मग आईचा फोन आला. बाबा आज कामावर गेले नव्हते. आई पाठ शेकत होती.

पोर लिहायला बसली. मी कुरकुरले, अगदी जीव खाऊन कुरकुरले. खुर्चीला दुसरी भाषा कुठली? तिनं मला सावरून घेतलं नि पुटपुटली, "माझ्या बोलण्यात अनौपचारिकता होती. ती मी दूर केली आहे."

साहेब खूश. "आता कसं! याला म्हणतात प्रगती."

ती टिकली. कायम झालेल्यांना नवी खुर्ची मिळते, तशी तिलाही आली. मला भंगारवाल्यासाठी भिंतीशी लावून ठेवलं, तिच्यापासून चार हातांवर.

त्याच दुपारी फोन वाजला. साहेब केबिनच्या दारात चहा पीत उभे. पलीकडून तोच दांडगा आवाज.

"ती वात्रट पोरगी आहे का हो? तिच्या साहेबाला तिच्याबद्दल चार शब्द लिहून द्यायचेत मला. नाव विचारायचं राहिलं."

पोरीनं दाराकडे पाहिलं. साहेबांनी कप खाली घेतला होता.

"माफ करा सर," ती कार्ड वाचल्यासारख्या सपाट आवाजात म्हणाली, "अशी कुणी इथं काम करत नाही. मी आपली काय मदत करू शकते?"

"नाही? गेली वाटतं. नको मग, काही नाही."

तेव्हापासून माझी धुसफूस थांबलेली नाही. तिच्यावर रागवावं म्हटलं तर राग येत नाही, आणि ज्यांच्यावर येतो त्यांना माझी कुरकुर म्हणजे तेल घालायची गोष्ट वाटते. भंगारवाला येईल तेव्हा येवो. पण वाचणाऱ्यांनो, तुम्हाला हात आहेत, तोंड आहे. एखादी शिकाऊ पोर तुमच्याशी बरं बोलली, तर तिचं नाव तिथल्या तिथं विचारा, आणि तिच्या साहेबाला त्याच दिवशी सांगा. नंतर फोन केलात, तर ती नोकरीला असेल, पण तुम्हाला सापडायची नाही.