बासष्ट टक्के आई

आईने बावीस वर्षं रेडिओवर हवामान वाचलं. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आता ती बोलते तेव्हा शेजारच्या खोलीत कुणीतरी कागद चुरगळतंय असं वाटतं. घरात तिचा जुना आवाज कुठेही नव्हता. आमच्याकडे चौदा वर्षांची विजेची बिलं आहेत, बंद पडलेल्या तीन मिक्सरांची वॉरंटी कार्डं आहेत. आवाज मात्र कुणी जपून ठेवला नाही, कारण तो रोज फुकट मिळत होता.

मग रेडिओ केंद्र बंद होत असल्याचं पत्र आलं. संस्थांना माणसं आठवतात ती अशीच, दिवे मालवताना. प्रत्येक निवेदकाची सगळी ध्वनिमुद्रणं तारखेनुसार जोडून एकेक लांबलचक फाइल केली आहे, ती सोबतच्या लिंकवरून उतरवून घ्यावी, लिंक शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कायमची बंद होईल. आईची फाइल नऊ जीबीची होती. आमचं इंटरनेट चाळीस मिनिटांचं होतं. म्हणजे चाळीस मिनिटं चालायचं आणि मग दम खायला बसायचं.

आमचा ब्राउझर मानी निघाला. मध्ये तुटलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून आमंत्रण द्यावं लागे. दहा टक्के, तुटलं. नऊ टक्के, तुटलं. मंगळवार ते गुरुवार आम्ही तीन फाइली भरतील एवढा ऐवज उतरवला, फक्त फाइल एकही उतरली नाही.

गुरुवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई पोटासाठी दुसऱ्यांचे संगणक सांभाळते. आमचाही तिनेच बसवून दिलाय, त्यामुळे तो आमच्यापैकी कुणालाच नीट कळत नाही.

“तू दर वेळी नव्याने सुरू करतोयस?”

“मग काय करणार?”

“विहीर खणताना जेवायला वर आलास तर खड्डा बुजवून येतोस का?”

थोरल्या बहिणीपुढे हे एक बरं असतं, प्रश्नाचं उत्तर तिलाच ठाऊक असतं.

“काळी खिडकी उघड. लिही, डब्ल्यूगेट, मोकळी जागा, डॅश सी, मोकळी जागा, पुढे लिंक. तुटलं की वरचा बाण दाबायचा, एंटर मारायचं. डब्ल्यूगेट म्हणजे फाइल उतरवून घेणारा. सी म्हटलं की तो आधी बघतो, हातात किती आलंय, आणि तिथून पुढचं मागतो.”

“आणि तो सी विसरलो तर?”

“तर मला फोन करू नकोस. अजून एक, ती अर्धी फाइल जपायची. सगळी मदार तिच्यावर आहे. घरात सगळ्यांना सांगून ठेव.”

मी आईला सांगितलं. बाबांना सांगायचं राहिलं.

बाबांची चौतीस वर्षं एका कार्यालयाच्या अर्ज स्वीकृती विभागात गेली. स्वीकृती हे नाव. काम अर्ज परत करण्याचं. एक रकाना कोरा दिसला की ‘अपूर्ण’ असा शिक्का, आणि रोज जेवणानंतर टेबल साफ. निवृत्त झाल्यावर शिक्का कार्यालयात राहिला, सवय घरी आली. संगणकातल्या दोनच गोष्टी त्यांनी शिकून घेतल्या, पत्ते खेळणं आणि पुसणं.

रात्रभर लाइन आलीच नाही. शुक्रवारी सकाळी आठला ती आली आणि मी आज्ञा लिहिली. तुटलं, बाण, एंटर. आकडा जिथे होता तिथून पुढे निघाला. गेल्या कित्येक वर्षांत या घरात एखादं काम सोडलं तिथून पुढे सुरू झाल्याचं मी पाहिलं नव्हतं.

आई दर दहा मिनिटांनी येऊन, आपल्याला यात काही रस नाही, असं सांगत होती.

“मला काय करायचंय ते ऐकून. किती झालं?”

“अडतीस.”

“उगाच वीज जाळतोयस.”

एक वाजता एकाहत्तर टक्के झाले आणि लाइन गेली. तीनपर्यंत आटपेल असा हिशेब करून मी निवांत जेवलो. दीडला आलो. लाइन परत आली होती. बाण, एंटर.

शून्य टक्के.

“बाबा, इथे एक फाइल होती.”

“अपूर्ण होती,” बाबा हातातल्या पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले. “काढून टाकली.”

“कचऱ्याच्या डब्यात असेल ना?”

“डबाही रिकामा केला. कचरा साठवायचा आणि त्याला डबा म्हणायचं, ही आपली पद्धत नाही.”

“आई होती त्यात.”

बाबांनी पत्ते ठेवले. मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, “साडेचार तास आहेत. फोनवर काय बसलायस?”

बाबांनी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. तिचा विहित नमुना कधी निघालाच नव्हता. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, मला खुर्चीवरून उठवलं आणि पडद्यासमोर बसले. लाइन तुटली की बाण, एंटर. चहा आला, तोही त्यांनी डाव्या हाताने घेतला. चारच्या सुमारास शेजारी कात्री मागायला आले, त्यांना दारातूनच “उद्या या” असं सांगण्यात आलं. मी रेडिओ केंद्राला फोन करून मुदत वाढवून मागितली. तिथल्या बाई म्हणाल्या, मुदत त्यांचीही सहालाच संपतेय.

सहा वाजता आकडा बासष्टवर थांबला. बाण, एंटर. सर्व्हरने बाबांच्याच भाषेत उत्तर दिलं. विनंती अमान्य. बाबांनी पुन्हा बाण दाबला. एकूण अकरा वेळा दाबला, मी मोजलं.

“ताई म्हणते, आलीय तेवढी वाजेल,” मी म्हणालो.

“अर्धवट कशी वाजेल?”

वाजली. थोडी खरखर झाली आणि तिशीतली एक बाई, आवाजाला इस्त्री करून आल्यासारखी, किमान तापमान सांगू लागली. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली, हात ओलेच. बावीसपैकी तेरा वर्षं आणि काही महिने हाती लागले होते. उरलेली आठेक वर्षं बाबांनी जेवणानंतर साफ केली होती, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

“उद्या दिवसभर आकाश निरभ्र राहील,” ती बाई म्हणाली.

बाबांनी मान वर केली. “थांबव जरा. तारीख कुठली सांगितली?”

मी मागे नेऊन तारीख ऐकवली.

“बरोबर. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांसमोर नखशिखांत भिजून उभा होतो मी. हिच्यामुळे.”

“घरात सांगितलं होतं, छत्री न्या म्हणून,” आई कुजबुजली. आता तिला तेवढंच जमतं. “तिथे मी लिहून दिलेलं वाचत होते.”

“रेडिओवरची बाई जास्त खात्रीने बोलत होती.”

आईने पदराला हात पुसले, बाबांना स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली.

“आता दोघंही गप्प बसा,” ती म्हणाली. “मला ऐकू दे.”