शनिवारचा डोस

सातपूरच्या त्या कारखान्यात सांडपाणी साफ करायचा प्लँट होता आणि त्याच्या शेवटच्या हौदात मासे होते. पाणी स्वच्छ झालंय हे साहेबांना दाखवायला. प्लँट चालवणाऱ्या हिरामणच्या बायकोनं, फुलाबाईनं, ते आणले होते. तिचं माहेर गंगापूर धरणाकडचं. "माझ्या माहेरची माणसं आहेत, नीट सांभाळा," म्हणाली होती. रोज संध्याकाळी पहिला प्रश्न हाच, "माहेरची माणसं जेवली का?"

फुलाबाई वारली त्याला महिना झाला होता. रजा संपवून हिरामण याच आठवड्यात कामावर परतला होता.

त्या सकाळी हिरामणनं हायपोचा, म्हणजे क्लोरीनच्या औषधाचा, पंप लावला. हिशोब तोंडपाठ. तासाला वीस हजार लिटर पाणी, लिटरमागे पाच मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे शंभर ग्रॅम. हायपो दहा टक्क्यांचं, म्हणून तासाला एक लिटर. एवढं क्लोरीन घाण मारण्यातच संपायचं, माशांपर्यंत पोचायचं नाही.

दुपारी तो खाणं टाकायला गेला. हौद पांढरा दिसत होता. ती माशांची पोटं होती.

 गेटवरचा वॉचमन सावळीराम फिरत फिरत आला आणि जागीच थांबला.

"दादा, पंप कितीवर हाय?"

"रोजच्यावर. एक लिटर."

"अहो, आज शनिवार! कारखाना बंद. पाणी येतंय ते नुसतं कॉलनीचं. सकाळी म्हणलो नाय का, सुट्टीच्या दिवशी एकटेच राजे म्हणून? तुम्ही मान वर केली नाय."

हिरामणनं कान दिला. एकही मशीन चालू नव्हतं. नळातून बारीक धार येत होती. तासाला चार हजार लिटर असेल नसेल. म्हणजे क्लोरीन पाचपट गेलं.

शनिवार त्याला कॅलेंडरवरून कधी कळलाच नव्हता. शनिवारी फुलाबाईचा उपवास. डब्यात भगर-आमटी. सकाळी डबा हातात आला की वास यायचा आणि तो येऊन आधी पंप कमी करायचा.

त्यानं डबा उघडला. पल्लवीनं, लेकीनं, रोजच्यासारखी पोळी-भाजी दिली होती.

त्यानं पंप बंद केला. डबा रिकामा करून धुतला आणि मासे एकेक करून त्यात ठेवायला लागला.

"कुठं नेता, दादा?"

"धरणावर," हिरामण म्हणाला. "तिच्या माहेरी."