सव्विसावं घर

सव्विसाव्या घराच्या दारात मी चपला काढल्याच नाहीत. काढायच्या, घालायच्या, पुन्हा काढायच्या, याचाही माणसाला वीट येतो. दलालाने माझ्या पायांकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. सात महिन्यांत तो आमच्याइतकाच दमला होता. सुरुवातीला हवा, उजेड, शेजार असं काय काय सांगायचा. हल्ली नुसतं कुलूप उघडून बाजूला उभा राहतो.

आमचे हे मात्र ताजेतवाने. खिशातून लाकडी हातोडी काढून गुडघ्यावर बसले आणि लागले फरशी वाजवायला. टक, टक, टक. फरश्या बसवणं हा यांचा धंदा, सासऱ्यांनीही जन्मभर तेच केलं. खाली सिमेंट-वाळूचा माल नीट भरलेला असला की फरशी भरीव वाजते, नसला की पोकळ. लोक घर बघायला गेले की खिडकीबाहेर बघतात, आमच्या घरातले खाली बघतात. एक जरी फरशी पोकळ वाजली की यांचं तोंड वाकडं. मग भिंती सोन्याच्या असल्या तरी उपयोग नाही.

हे सगळं चाललं होतं बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या डोळ्यांसाठी. नजर हळूहळू जाणार, थांबवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्षभर मिळेल, कदाचित कमीच. "कायमच्या घरात लवकर जा," ते म्हणाले. "दिसतंय तोवर घर पाठ होऊ दे त्यांना. पुढे मग डोळ्यांवाचूनही वावरतील." आमच्या भाड्याच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याही मालकाला वर्षअखेर रिकाम्या हव्या होत्या. तेव्हा गाठायचं होतं ते एवढंच, की बाबांना दिसतंय तोवर एक घर.

पण नवं की जुनं, इथेच आमचं घोडं अडलं.

मला नवं हवं होतं, उगाच कशाला लपवू. मी इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. दिवसभर उभं राहून चादरी झटकायच्या, घड्या घालायच्या. घरी आल्यावर भिंतीच्या ओलीशी भांडायची ताकद माझ्यात उरत नाही. नव्या इमारतीत लिफ्ट असते, जमीन एका पातळीत असते, न्हाणीघर खोलीला लागून असतं. आंधळ्या होत चाललेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? पण यांचं म्हणणं जुनंच घ्यावं. का, तर नव्या इमारतींतल्या निम्म्या फरश्या यांनीच बसवलेल्या.

"मालात सिमेंट किती पडलं ते मला विचार," हे म्हणायचे. "ठेकेदार डोक्यावर उभा. आज मजला उरकला पाहिजे, म्हणे."

"पण बसवली तुम्हीच ना?"

"म्हणून तर सांगतोय!"

मी कपाळावर हात मारून घ्यायची.

जुन्या घरांच्या तऱ्हा वेगळ्या. फरशी एकदम घट्ट, पण दोन खोल्यांच्या मधे पायरी. नळ सोडला की पाइप खोकणार. कपाटामागे बुरशी. तिथे नकार माझा असायचा, हे कबूल. पण माझ्या मते मी नाकारलेली घरं दोन-तीनच, बाकीची सगळी त्या हातोडीने खाल्ली. बाबा मधे उभे राहून म्हणायचे, "बघा बुवा तुमचं तुम्ही. राहायचं तुम्हाला आहे." त्यांच्यासाठीच तर बघत होतो!

आज मात्र मी ठरवूनच आले होते. काही असो, हो म्हणायचं. घर जुनं, तळमजल्यावरचं. एका भिंतीला ओल होती, ती मी पाहिली आणि पाठ फिरवली. आतल्या खोलीत उतरायला एक पायरी होती, तीही पाहिली. हे कोपऱ्याकोपऱ्यातून वाजवत फिरले आणि उठले तेव्हा चेहरा उजळला होता.

"एकसुद्धा पोकळ नाही. ही पायरी मी फोडतो आणि उतार करून टाकतो. दोन दिवसांचं काम."

"घ्या," मी म्हटलं.

"नक्की? ओल आहे हं त्या भिंतीला."

"घ्या म्हटलं ना. माझे पाय विचारतायत, अजून किती."

दलालाचा विश्वास बसेना. त्याने कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"बाबा, या आत," हे म्हणाले. "नीट बघून घ्या घर. आता हेच आपलं."

बाबा माझ्या कोपराला धरून आत आले. हल्ली ते धरूनच चालायचे. वय झालं, गुडघे दुखतात, असं म्हणायचे, मला ते पटायचं. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी मान सगळीकडे फिरवली.

"छान आहे," ते म्हणाले. "अशी लाल फरशी आता मिळत नाही."

फरशी राखाडी होती.

"लाल कुठली, बाबा?" हे हसले, आणि अर्ध्यातच थांबले.

मी विचारलं, "बाबा, खिडकी कुठे आहे?"

बाबांनी जरा वेळ कानोसा घेतला. मग दाराकडे बोट दाखवलं. दारात दलाल उभा होता, त्याने खाली बघितलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"थोडं थोडं जात होतं. मग एकदम गेलं," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "सांगितलं असतं तर तुम्ही मिळेल ते घर गळ्यात घालून घेतलं असतं. जन्माची खरेदी ही. माझ्यापायी कशाला घाई?"

"मग आता... नवं बघायचं की हेच?" हे म्हणाले.

"मला आता कुठलंही नवंच की रे."

मला रडू यायला हवं होतं, पण आला संताप. परक्या माणसासमोर मी यांच्यावर ओरडले. "वाजवा अजून! सात महिने वाजवत बसलात. डोळे गेले त्यांचे तुमच्या टकटकीपायी!"

हे मान खाली घालून उभे राहिले.

"त्याला नको बोलू, बाई," बाबा म्हणाले. "एक घर मला अजून स्वच्छ दिसतं. चौदावं. पुढच्या खोलीत दोन कोनाडे, डाव्या हाताला एक दार. तिथून सात पावलांवर न्हाणी. खिडकीची चौकट हिरवी, खालचा कोपरा तुटका. मागे तीन पायऱ्या, मधली जरा झिजलेली." ते बोलत होते आणि त्यांचा हात हवेत कडी शोधत होता, ती सापडल्यासारखा थांबत होता. "तेव्हा वाटलं, हे तुम्ही घेणारच. म्हणून सगळं बघून, मोजून ठेवलं होतं. त्याच्यानंतरचं एकही घर मला दिसलं नाही."

चौदावं घर. मला ते आठवायला वेळ लागला नाही. त्या घरात हे सगळीकडे वाजवून झाल्यावर उठले होते, हातोडी खिशात टाकली होती आणि म्हणाले होते, "घेऊन टाकू या." नको मी म्हटलं होतं. स्वयंपाकघर मला अंधारं वाटलं होतं.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनाही आठवत होतं. पण हे वाकून, तिथे नसलेला कचरा पायरीवरून झटकत राहिले.